थंडी पानांवर, दुखणं मुळाशी

जानेवारी उजाडला की विरार-नालासोपाऱ्यातल्या नर्सऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. “दादा, कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतायत, मोगऱ्याला महिनाभर कळी नाही. थंडी लागली का झाडाला?” उत्तरही बहुधा ठरलेलं असतं, “हो, थंडी बाधली,” आणि सोबत खताची एक पुडी.

पण वसई-विरारची थंडी ती किती? इथून तीसेक किलोमीटर दक्षिणेला सांताक्रूझची वेधशाळा आहे. तिथं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असतं. तिथला नोंदलेला नीचांक ७.४ अंश, आणि तोही २२ जानेवारी १९६२ चा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवाचे थेंब गोठतात, निफाडकडे द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आपल्याकडे तसं काहीच होत नाही.

कोडं इथंच संपत नाही. एकाच नर्सरीतून आणलेली कढीपत्त्याची दोन रोपं घ्या. एक आगाशी, निर्मळ किंवा भुईगावच्या वाडीत लावलं, दुसरं विरार पूर्वेच्या नव्या सोसायटीच्या कुंपणालगत. पहिलं जानेवारीत वाढीला सुस्तावतं, पण हिरवं राहतं. दुसरं मकरसंक्रांतीपर्यंत काटकी होऊन जातं. दोन्ही जागांच्या पहाटेच्या तापमानात फार तर दोन-तीन अंशांचा फरक. मग मेलं ते झाड नेमकं कशानं?

माझं मत असं, की आपल्या भागात हिवाळ्याच्या नावावर खपणारी बहुतेक दुखणी मातीची असतात. थंडी फक्त ती उघडी पाडते. हे कसं होतं ते समजून घ्यायला आधी मुळाशी जावं लागेल.

खोबरेल तेल आणि केळीचं मूळ

डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली पांढरी होते. २४ अंशांच्या खाली हे तेल थिजतं. त्याच फडताळावरचं शेंगदाण्याचं तेल मात्र वाहतं राहतं. कारण दोघांतल्या स्निग्धाचा प्रकार वेगळा.

वनस्पतींच्या प्रत्येक पेशीभोवती असंच स्निग्धाचं एक अतिशय पातळ आवरण असतं. त्यातूनच पाणी आणि क्षार आत-बाहेर करतात. गव्हाच्या, कोबीच्या, वाटाण्याच्या पेशींचं आवरण थंडीतही लवचिक राहतं. केळी, कढीपत्ता, मोगरा, नागवेल ही उष्ण प्रदेशाची लेकरं. त्यांचं आवरण १५ अंशांच्या आसपासच ताठरायला लागतं. बर्फ पडावा लागत नाही. पाणी गोठण्याच्या कितीतरी आधीच मुळाचं दार आखडतं. त्यात थंड पाणी स्वतःही थोडं दाट होतं आणि सावकाश वाहतं.

केळीवर हे सगळं उघड दिसतं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत एक नवं पान सोडणारी केळ थंडीत त्याच पानाला दोन-तीन आठवडे घेते. दिवसरात्रीचं सरासरी तापमान १६ अंशांच्या खाली गेलं की नवं पान येणं जवळपास थांबतं. अशा वेळी बाहेर पडू पाहणारा लोंगर कधी कधी बुंध्याच्या गळ्यातच अडकतो. आणि तापमान १३ अंशांच्या खाली उतरलं तर फळाच्या सालीखालचा चीक गोठून तपकिरी रेघा उठतात. जळगावच्या केळीवाल्यांना हे दरवर्षीचं संकट. आपल्याकडे ते क्वचितच या थराला जातं, पण मुळांचा वेग मंदावणं दरवर्षी होतं.

मोगऱ्याची गोष्ट जरा वेगळी. डिसेंबरात त्याला कळी न येणं हा आजार नाही, ती त्याची विश्रांती आहे. दादरच्या फूलबाजारात ऐन हिवाळ्यात मोगऱ्याचा भाव कडाडतो तो म्हणूनच. या काळात त्याला खताचे डोस देत राहणं म्हणजे झोपलेल्याला उठवून जेवू घालणं.

मातीतलं विरजण

आता दुसरं कारण, आणि याकडे कोणी लक्ष देत नाही. झाड शेणखत खात नाही. शेणखतातला नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात आणण्याचं काम मातीतले जिवाणू करतात. आणि हे जिवाणू विरजणासारखे असतात. मे महिन्यात चार-पाच तासांत लागणारं दही जानेवारीत रात्रभर ठेवलं तरी पातळ राहतं. इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आपण ते पांघरुणात गुंडाळून ठेवतो. ढोबळमानानं तापमान १० अंशांनी उतरलं की जिवाणूंचं काम निम्म्यावर येतं.

म्हणजे हिवाळ्यात मुळांचं दार अर्धं मिटलेलं आणि मातीतलं स्वयंपाकघरही निम्म्या वेगानं चाललेलं. अशा वेळी झाड जुन्या पानांतला नत्र काढून घेतं आणि कोवळ्या शेंड्याला पुरवतं. खालची पानं पिवळी पडतात ती यामुळं. मातीत आधीपासून साठा असेल तर हे दोन महिने निभावतात. नसेल तर झाड स्वतःलाच खात जातं.

उन्हात वाळणारे कपडे

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी वसईत तुंगारेश्वरच्या डोंगराकडून येणारा कोरडा वारा जाणवतो. जानेवारीत दोरीवरचे कपडे चटकन वाळतात ते या कोरड्या हवेमुळं. झाडाची पानंही दोरीवरच्या कपड्यांसारखीच. त्यांच्यातलं पाणी उडतं, पण आखडलेली मुळं तेवढं पाणी वर पाठवू शकत नाहीत. पानांच्या कडा वाळतात. आपण म्हणतो थंडी लागली. खरं तर झाडाला तहान लागलेली असते.

रात्रीची उष्णता जाते कुठं, तेही पाहू. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब अदृश्य किरणांनी आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती ऊब परत पाठवतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ही गोधडी नसते, म्हणून तीच रात्र सर्वांत गार. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खोलगट जागी साचते. समुद्र मात्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, त्यामुळं अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्यालगतची पहाट डोंगरपायथ्यापेक्षा उबदार असते.

पश्चिमेच्या वाडीला समुद्राची मदत आहे, हे खरं. पण वाडीचा मोठा आधार समुद्र नव्हे. तो आहे वर्षानुवर्षं माणसांनी घडवलेली माती.

भरावाची माती, वाडीची माती

वसईची किनारपट्टी मुळात रेताड. रेती म्हणजे पोत्यात भरलेले नारळ: मधल्या पोकळ्या मोठ्या, ओतलेलं पाणी सरळ खाली. पूर्वेकडची भातजमीन आणि खाडीकाठची खार जमीन चिकणमातीची. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान आणि पापडासारखे चपटे असतात. ओले पापड एकावर एक चिकटावेत तसे ते बसतात, मग पाणी आत अडकतं आणि हवेला जागा उरत नाही. मुळांनाही श्वास लागतो. हवा नसली की ती कुजतात.

नव्या वसाहतींखाली यांपैकी धड काहीच नाही. तिथं आहे भराव: मुरूम, खडी, पाडलेल्या बांधकामांचा चुरा. वर दिसायला छान अशी लाल मातीची सहा इंचांची चादर. ही लाल माती कुंडीत भरून पाहा. दोन महिन्यांत ती विटेसारखी घट्ट होते. शिवाय सिमेंटच्या चुऱ्यातला चुना माती अल्कधर्मी करतो आणि अशा मातीत लोह असूनही ते विरघळत नाही. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हीच शंका घ्यावी. मूठभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे. किनाऱ्याच्या मातीत शिंपल्यांचा चुरा असतो, तीही फसफसते, हे लक्षात ठेवावं.

मातीचा पोत तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. जोरात हलवून ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पाहिली की आपल्या हाती काय आहे ते कळतं.

रेती असो वा चिकणमाती, दोन्हींवर औषध एकच, आणि हे मला नेहमीच आश्चर्याचं वाटतं. पालापाचोळा आणि शेण पूर्ण कुजून उरतो तो काळा, मऊ भाग म्हणजे ह्यूमस. तिळगुळाच्या लाडवात गुळाचा पाक जे करतो ते मातीत ह्यूमस करतो. सुटे तीळ पाकानं एकमेकांना धरतात, पण मध्ये बारीक पोकळ्याही राहतात. त्या कणसर मातीत बारीक पोकळ्या पाणी धरतात आणि मोठ्या पोकळ्या हवा. रेतीला पाणी धरता येऊ लागतं, चिकणमातीला श्वास घेता येऊ लागतो.

ह्यूमसचं दुसरं काम खुंट्यांचं. त्याच्या आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, पोटॅश, मॅग्नेशियम यांचे धनभारित कण त्यावर खुंटीला पिशवी टांगावी तसे अडकून राहतात आणि मुळं हवे तेव्हा काढून घेतात. रेतीला या खुंट्या जवळपास नसतातच. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बिनखुंट्यांच्या मातीत घातलेलं खत जुलैतच खाली धुऊन जातं. जानेवारीत साठा रिकामा असतो तो असा.

बावखल आणि खाऱ्या पाण्याचं गणित

वाडवळ आणि सामवेदी कुपारी बागाईतदारांनी या रेताड पट्ट्यात केळी, नारळ, सुपारी, पानवेल, सोनचाफा उभा केला. आगाशीची सुकेळी ज्या राजेळी केळ्यांची होतात ती याच मातीतली. यामागं शेणखत, पेंड, सुक्या मासळीचं खत होतं, आणि होती बावखलं. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरींना गोडं ठेवतं.

हे गोडं ठेवणं कसं होतं ते समजण्यासारखं आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. बर्फाचा खडा जसा थोडा वर आणि बराचसा पाण्याखाली असतो, तसंच हे. हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. आता याची उलटी बाजू पाहा. बेसुमार उपशानं वरची पातळी १ मीटर उतरली, तर कालांतरानं खालून खारं पाणी ४० मीटर वर चढू शकतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीनं टँकरच्या पाणीउपशाविरुद्ध जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हे गणित होतं. बावखल बुजवणं म्हणजे या तराजूच्या गोड्या पारड्यातलं वजन काढून घेणं.

खारं पाणी झाडाला नेमकं काय करतं? कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. खाऱ्या मातीत मुळाची त्या फोडीसारखीच अवस्था होते: मातीत पाणी दिसतं, पण मुळाला ते ओढता येत नाही. शिवाय मिठातला सोडियम खुंट्यांवर बसून कॅल्शियमला हुसकतो, मातीचे कण विखुरतात आणि वाळल्यावर कडक पापुद्रा धरतात. यावर जिप्सम उपयोगी पडतं. त्यातला कॅल्शियम सोडियमला खुंटीवरून उतरवतो. पण उतरलेलं मीठ धुऊन न्यायला गोडं पाणी आणि निचरा हवाच. आपल्याला ही संधी फुकट मिळते, पावसाळ्याच्या सुरुवातीला. बोअरवेलच्या पाण्यावर वाढणाऱ्या कुंड्यांवर पांढरी खार दिसू लागली तर नळाच्या पाण्यानं त्या एकदा भरपूर धुवाव्यात. कोकोपीटही आधी धुऊन घ्यावं. किनारी भागातल्या नारळाच्या सोडणांपासून केलेल्या कोकोपीटमध्ये मीठ राहिलेलं असतं.

ऑक्टोबरात पेरलेली ऊब

हिवाळ्याची तयारी जानेवारीत सुरू केली तर उशीर झाला. पावसाळा सरताना, दसरा-दिवाळीच्या सुमारास, माती ओलसर आणि उबदार असते. जिवाणू जोमात असतात. तेव्हा घातलेलं खत थंडीपर्यंत पचतं.

भरावावर आधी राडारोडा वेचून काढावा आणि खड्डा हवा तेवढा मोठा करून त्यात पाणी ओतून पाहावं. तासाभरानंही ते तसंच राहिलं तर खाली निचरा नाही. तिथं खड्ड्यात झाड न लावता वर फूट-दीड फूट उंचीचा वाफा करणं शहाणपणाचं. मग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, साधारण एक भाग खत आणि दोन भाग माती.

‘कुजलेलं’ हा शब्द महत्त्वाचा. सुका पाला किंवा लाकडाचा भुसा कच्चाच मातीत मिसळला तर झाड आणखी पिवळं पडतं. जिवाणूंना जेवणात भाकरीबरोबर उसळ लागते. भाकरी म्हणजे कर्ब, उसळ म्हणजे नत्र. २५-३० भाग कर्बाला १ भाग नत्र असं ताट त्यांना जमतं. सुक्या पाल्यात कर्ब याच्या दुप्पट, भुशात दहापटीनंही जास्त. उसळ कमी पडली की जिवाणू ती मातीतून ओढतात आणि झाड उपाशी राहतं. म्हणून सुका पाला ढिगात रचायचा, आलटून पालटून स्वयंपाकघरातला ओला कचरा किंवा शेण घालायचं, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवायची. नीट जमलेला ढीग आतून ५५-६० अंश तापतो. हात घातला तर चटका बसतो. दर पंधरवड्याला उलटला की तीनेक महिन्यांत मातीचा वास येणारं खत तयार. म्हणजे दिवाळीला हवं असलेलं खत जुलैत रचायला घ्यावं लागतं.

> चौकट : हिवाळ्यात पान काय सांगतं?
>
> खालची जुनी पानं सारखी पिवळी: नत्र कमी पडतोय. पातळ शेणकाला किंवा पेंडीचं पाणी थोडं थोडं, दुपारी द्यावं.
>
> शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: मातीत चुना जास्त. राडारोडा काढा, कंपोस्ट वाढवा.
>
> पानांच्या कडा करपलेल्या, कुंडीवर पांढरी खार: मीठ साचलं. गोड्या पाण्यानं धुवा.
>
> माती ओली, तरीही पानं मलूल: मुळं कुजतायत. पाणी थांबवा, निचरा पाहा.
>
> मोगरा हिरवा, पण कळी नाही: काही करू नका.

थंडीच्या दिवसांत

माती चांगली असेल तर पुढचं काम थोडं राहतं. पाण्याची ऊब साठवण्याची ताकद कोरड्या मातीच्या चार-पाच पट असते. म्हणून बेताची ओलसर माती दिवसा जास्त ऊब घेते आणि रात्री सावकाश सोडते. कोरडी, पोकळ माती पटकन निवते.

पाणी कधी आणि कुठलं, यालाही अर्थ आहे. विहिरीचं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं, पंचवीस-सव्वीस अंशांच्या पुढचं असतं. म्हणूनच थंडीच्या पहाटे ते कोमट लागतं. वाडीत पहाटे पाट सोडला तरी ते पाणी ऊबच घेऊन येतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं असतं. सोसायटीत तेच सकाळी सहाला घातलं तर मुळांवर थंड पाण्याचा मारा होतो. तिथं अकरानंतर पाणी द्यावं. आणि मे महिन्याच्या निम्म्यानं द्यावं, कारण मुळं पितातच कमी. हिवाळ्यात कुंडीतली झाडं तहानेपेक्षा अति पाण्यानंच जास्त मरतात, असा माझा अनुभव आहे.

बुंध्याभोवती आळ्यात सुक्या पाल्याचं, पेंढ्याचं, झावळ्यांच्या तुकड्यांचं दोन-तीन इंच आच्छादन घालावं. बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नये. आळ्यात नारळाची सोडणं पोटाची बाजू वर करून पुरायची जुनी कोकणी रीत आहे. सोडण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं आणि कुजताना पोटॅश देतं. आच्छादन जमिनीची ऊब जमिनीतच ठेवतं, त्यामुळं वरच्या हवेला ती मिळत नाही. जिथं खरोखर दव गोठतं तिथं ही उणीव ठरते. आपल्याकडे जपायची असतात ती मुळं, म्हणून इथं आच्छादन फायद्याचंच.

वाऱ्यासाठी वाडीची रचनाच पाहावी. वर नारळ-सुपारी, मध्ये केळ, खाली फुलझाडं. वरचं छत रात्री ढगाच्या गोधडीचं काम करतं, कडेची दाट झाडं कोरडा वारा अडवतात. सोसायटीत एवढं शक्य नसलं तरी पूर्वेच्या कडेला दाट कुंपण लावता येतं. कुंड्यांची माती थोडी, ती सगळीकडून गारठते. त्या एकमेकींना खेटून, दुपारचं ऊन झेललेल्या पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीलगत ठेवाव्यात. भिंत रात्रभर ऊब सोडते. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळलं तरी फरक पडतो. अगदीच गार रात्री रोपांवर जुनं पातळ कापड टाकावं आणि सकाळी काढावं. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नये.

पाला जाळून धूर करण्याच्या फंदात पडू नये. धुराचे कण ऊब अडवायला फारसे उपयोगाचे नसतात, जी काही मदत होते ती आगीच्या उष्णतेची. शहरात उघड्यावर पाला जाळायला बंदी आहेच, आणि जळतं ते पुढच्या वर्षीचं खत.

राहिला कुंपणालगतचा तो काटकी झालेला कढीपत्ता. त्याला उपटू नका. खोडावर नखानं साल किंचित खरवडा. आतून हिरवी, ओलसर दिसली तर झाड जिवंत आहे. भोवतीची घट्ट माती मुळं न दुखवता हलकी करा, दोन घमेली कंपोस्ट पसरा, वर पाला घाला, पाणी बेतानं द्या. फेब्रुवारी सरता सरता, होळीच्या सुमारास रात्री उबदार होऊ लागल्या की बुंध्यालगत लालसर हिरवे कोंब फुटलेले दिसतील.